अवांतर, काढले

शेवटचा साधा दिवस गुरुवार होता. दुपारी चारच्या सुमारास वडील लेकीच्या कचेरीत आले, तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले आणि बसल्याबसल्या नजरेनेच खोली मोजून घेतली. हे ते दर वेळी करत. उभा जन्म मोजणी खात्यात जमिनी मोजण्यात गेला होता. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी नजरेतली साखळी काही सुटली नव्हती.

“कपाट सरकवलंस,” ते म्हणाले.

“नाही हो, बाबा.”

“चार इंच. खिडकीकडे.”

“इथे मला मान वर करायला फुरसत नाही. कपाटं कुठे सरकवत बसू?”

झाडणाऱ्या बाईंनी कपाट सरकवलं होतं, हे तिला पुढच्या आठवड्यात कळलं. तोवर ते ज्याला सांगावं तो माणूस उरला नव्हता.

लेक एका प्रकाशनसंस्थेत संपादक होती. लोकांच्या लिखाणातलं जास्तीचं काढून टाकणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लेखकमंडळी तिला समोर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठीमागे ‘कात्री’. वडील तोंडावरच ‘संपादकबाई’ म्हणत. तिच्या घरात पुस्तकांना भिंती पुरत नव्हत्या. आल्यागेल्याशी ती मोजकं बोलायची, रागावली तरी आवाज चढवायची नाही, आणि रडायचं झालंच तर न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून रडायची.

वडील दर गुरुवारी अंधांच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकं मोठ्याने वाचत. ती ध्वनिमुद्रित होत आणि प्रकरणं तयार होतील तशी सभासदांकडे जात. सहा वर्षांत तेरा पुस्तकं झाली होती, चौदावं चालू होतं. जे झालं ते पेनड्राइव्हवर भरून ते लेकीलाही आणून देत. पेनड्राइव्ह एकच होता. तो कागदाच्या पुडीत यायचा, महिनाभर तिच्या खणात राहायचा, आणि पुढचं भरण्यासाठी परत जायचा.

“पुडी दे,” ते म्हणाले. “बारावं प्रकरण आज संपवलं. खेचरवाला खिंडीच्या तोंडाशी येऊन उभा आहे. पुढच्या गुरुवारी तेरावं घेतो आणि भरून आणतो.”

तिने खणातून पुडी काढून दिली.

“ऐकलंस?”

“हो. छान झालंय.”

“सगळं?”

“जवळजवळ सगळं.”

“अंतरांचं कसं वाटलं?”

“चांगलं वाटलं,” ती म्हणाली, आणि समोरच्या कागदावरची एक ओळ लाल पेनाने खोडली.

“बरं.” वडिलांनी पुडी हातात उलटीसुलटी करून पाहिली आणि खिशात टाकली. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. तिला ते दिसलं, पण ओळीच्या खालचा परिच्छेदही तिला आवडत नव्हता.

दाराशी जाऊन त्यांनी कपाटाकडे पुन्हा एकदा पाहिलं. “चार नाही. साडेचार,” ते म्हणाले आणि गेले.

शुक्रवारी सकाळी फिरायला निघताना ते बुटाची नाडी बांधायला वाकले, ते उठलेच नाहीत. एक नाडी बांधून झाली होती, दुसरी राहिली होती. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगत असावेत असं तिला वाटलं, पण ते वाक्य खोडवेना.

*

माणूस गेल्यावर पहिले पंधरा दिवस घरच्यांना करण्यासारखं खूप असतं, आणि सोळाव्या दिवशी एकाएकी काहीच नसतं. त्या सोळाव्या दिवशी ‘बाबांच्या नावाने काहीतरी’ करायचं ठरलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे ठरवणारे तिघेच: ती, परदेशात असलेला दादा, आणि वडिलांची बहीण, आत्या. दादा फोनच्या पडद्यावर होता. आत्या त्या पडद्याच्या इतक्या जवळ बसली होती, की दादाला तिचा एकच डोळा दिसत असणार.

“ब्लँकेटं वाटू,” आत्या म्हणाली. “आमच्या मोठ्या दिरांच्या वेळी वाटली होती. लोक अजून नाव काढतात.”

“दिरांचं?”

“ब्लँकेटांचं. फार उबदार होती.”

“ब्लँकेट विरून जातं, आत्या,” दादा म्हणाला. “काहीतरी कायमचं हवं. बाबा जिथे वाचायचे तिथे एक खोली बांधून देऊ. चांगली, ध्वनिबंद. मी त्यांचं एक पुस्तक ऐकलं होतं. मागे कबुतरं घुमत होती. मध्येच नळाखाली बादली लावल्याचा आवाज. बाबांना शोभत नाही ते.”

दादाने ऐकलं होतं. तीन समुद्र ओलांडून पलीकडे बसलेल्या, बाबांच्या वाढदिवसाची तारीख दर वर्षी तिला विचारणाऱ्या दादाने एक का होईना, ऐकलं होतं. तिच्या खणापासून तिच्या कॉम्प्युटरपर्यंत हातभर अंतर होतं.

“तुझं काय मत?” दादाने विचारलं. “तू तर सगळीच ऐकलीस. बाबा सांगायचे, तुला आवडतात म्हणून.”

“खोली चांगली होईल,” ती म्हणाली.

खोली खरंच चांगली झाली. आधी ग्रंथालयात जिन्याखाली एक अडगळ होती. दाराला जुनी सतरंजी टांगलेली, वर झरोका, झरोक्यात कबुतरांचा पिढीजात संसार. आता तिथे बुचाच्या भिंती आल्या, झरोक्यावर फळी आली, दुहेरी काच आली आणि शीतकपाटासारखं जाड दार आलं. दार लावलं की माणसाला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यायचं. दारावर पितळी पाटी बसली, वळणदार रंगवलेल्या अक्षरांची. वडिलांचं नाव, जन्मसाल, मृत्युसाल आणि ‘यांच्या स्मरणार्थ’. 

उद्घाटनाला भाषणं झाली. अध्यक्ष वडिलांना कधी भेटले नव्हते, म्हणून ते सविस्तर बोलले. मग सभासद एकेक करून खोली पाहायला आले, म्हणजे हाताने पाहायला. त्यांत एक साठीच्या बाई होत्या. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिलेल्या, जन्मापासून अंध. ग्रंथालयात त्यांना सगळे टेलिफोनबाई म्हणत. त्यांनी पाटीवरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली.

“गुळगुळीत आहे,” त्या म्हणाल्या. “काय लिहिलंय?”

तेव्हा कुठे संपादकबाईंच्या लक्षात आलं, की या इमारतीत ज्यांच्यासाठी सगळं चाललंय त्यांच्यापैकी एकालाही ती पाटी वाचता येणार नाही. पाटीचा मजकूर तिने स्वतः तीनदा तपासला होता. त्यात एकही चूक नव्हती. ठिपक्यांची ब्रेल अक्षरं मात्र कोणालाच सुचली नव्हती.

ग्रंथपालांनी पाटी वाचून दाखवली.

“असू दे, असू दे,” टेलिफोनबाई म्हणाल्या. “गार लागते हाताला. उन्हाळ्यात बरं.” मग आवाजाच्या दिशेने वळून म्हणाल्या, “तुम्ही त्यांची मुलगी. तुमच्याबद्दल पुष्कळ ऐकलंय.”

“बाबा बोलायचे?”

“बोलायचे तर.”

आजूबाजूचे दोन-तीन सभासद हसले. प्रेमाने हसले असं तिला वाटलं, आणि ते खरंही होतं.

*

दादाने खोली दिली, आत्याने शेवटी ब्लँकेटं वाटलीच. लेकीने ठरवलं, आपण वेळ द्यायचा. पैसे काय, कोणीही देतं. दर गुरुवारी कचेरी सुटल्यावर आणि शनिवारी दिवसभर ती ग्रंथालयात जाऊ लागली. आणि तिथे गेल्यावर तिने, जे तिला जगात सर्वांत चांगलं येत होतं तेच करायला घेतलं.

बाबांची तेरा पुस्तकं साफ करायची.

ग्रंथपाल सज्जन होते. इतके सज्जन, की त्यांना कोणालाही ‘नाही’ म्हणता येत नसे. “तसं लोकांना सवय झालीय...” एवढं ते म्हणाले.

“सवय चांगल्याचीही लागते,” ती म्हणाली.

ग्रंथपालांनी तिला खुर्ची दिली, हेडफोन दिले, चहा दिला.

तिने एक जाड वही केली. काम करण्याची तिची एक पद्धत होती आणि ती पद्धत तिने आयुष्यात कोणासाठी मोडली नव्हती: एक शब्द जरी काढला तरी काय काढलं, कुठून काढलं आणि का काढलं, हे अक्षरशः लिहून ठेवायचं. एका हातात मूळ पुस्तक, कानात वडील, दुसऱ्या हातात पेन्सिल.

‘पान ४१. “पहाटे निघून दुपारी पोचला म्हणे. बत्तीस मैल. घोडा आहे की विमान? आपण दुसऱ्या दिवशी पोचला असं धरू.” अवांतर, काढले.’

‘पान ८८. खोकला, दोन. काढले.’

‘पान ९०. कबूतर. काढले.’

‘पान ११२. “इथे नकाशा आहे. बेट म्हणजे अंग चोरून झोपलेलं मांजर समजा. तोंड पूर्वेला. आपण शेपटीवर उतरलोय, गाव कानामागे आहे. आता ही मंडळी पाठीच्या कण्यावरून चालत जाणार.” मूळ मजकुरात नाही. अवांतर, काढले.’

कामाचा कान वेगळा असतो. तो आवाज ऐकत नाही, चूक ऐकतो. वडील गेल्यानंतर त्यांचा आवाज रोज चार-चार तास कानात घेऊनही तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, ते याच कानामुळे. एकदाच जरा अडचण झाली. चौथ्या पुस्तकात.

‘पान २०३. “हा शब्द मला कळला नाही. मुलीला विचारून पुढच्या गुरुवारी सांगतो.” अवांतर, काढले.’

‘पान २१७. “विचारला. तिने वर न बघता सांगितला. तिला सगळं येतं.” अवांतर, काढले.’

त्या दिवशी तिने पेन्सिलीला दोनदा टोक केलं. मग पान २१८ घेतलं.

आठ महिन्यांत तेरा पुस्तकं झाली. साफ झालेलं प्रत्येक पुस्तक ग्रंथपाल तिच्या सांगण्यावरून जुन्याच नावाने, जुन्याच्या जागी ठेवत गेले. त्यामुळे जुनं पुसलं जाई. कॉम्प्युटरवर जागाही वाचे. वहीच्या शेवटच्या पानावर तिने नोंदींची बेरीज केली. दोन हजार तीनशे अकरा. वडिलांसाठी आपण इतकं काम केलं, असं तिला वाटलं. आणि ते वाटणं तिने स्वतःपाशीही फार बोलून दाखवलं नाही.

चौदावं पुस्तक, खेचरवाल्याचं, तिने शेवटी ठेवलं होतं. ते अपुरं होतं, आणि अपुऱ्या हस्तलिखिताला ती पुरी हस्तलिखितं संपल्याशिवाय हात लावत नसे.

“लोक काय म्हणतात?” ती अधूनमधून ग्रंथपालांना विचारायची.

“लोक... ऐकतायत,” ते म्हणायचे, आणि चहा सांगायला बाहेर जायचे.

*

चौदावं घ्यायचं ठरवलेल्या शनिवारी सकाळीच टेलिफोनबाई आल्या. काठी टेबलाला टेकवली, खुर्ची चाचपून बसल्या. ग्रंथपालांनी त्यांना पाहिलं आणि ते आपणहून चहा सांगायला गेले.

“संपादकबाई, आमच्या मोजणीदारांचं काय झालं?”

तिला वाटलं, बाईंचं वय झालं. “ते गेले, बाई,” ती हळू म्हणाली. “वर्ष होत आलं.”

“मरणाचं विचारत नाही मी. ते मला माहीत आहे. पुस्तकात होते की ते. तिथून कोणी घालवलं?”

“पुस्तकात आहेत ते. तेराही पुस्तकं त्यांच्याच आवाजात आहेत. मी फक्त...”

“आवाज आहे. माणूस नाही. मी तीस वर्षं लोकांचे फोन जोडले, बाई. लाइन चालू आहे आणि पलीकडे कोणी नाही, हे मला कळतं.”

संपादकबाईंनी वही जवळ ओढली. “मी फक्त अवांतर काढलं. म्हणजे जे मूळ लेखकाने लिहिलेलं नाही ते. लेखकावर अन्याय होतो.”

“बेटाचा नकाशा होता, तो?”

“ते लेखकाचे शब्द नव्हते.”

“पण नकाशा लेखकाचा आहे ना? छापलाय ना पुस्तकात?”

“हो.”

“तुम्हाला दिसतो?”

“हो.”

“मग मला कुठे दिसणार?”

संपादकाच्या आयुष्यात असे प्रश्न सहसा येत नाहीत. लेखक रागावतात, पण इतकं सरळ विचारत नाहीत.

“मी जन्मात कुठे गेले नाही,” टेलिफोनबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पत्ता सांगावा तसं त्या सांगत होत्या. “घर ते एक्सचेंज, एक्सचेंज ते घर. ते अंतर मला पावलांनी पाठ आहे. त्या मांजराच्या बेटावर मात्र मी आठ वेळा जाऊन आले. परवा नवव्यांदा निघाले तर बेटच नाही. होडीतून उतरले आणि पाण्यात.” त्या थोडं हसल्या. “सहा जणांनी फोन केले या ग्रंथपालांना. काही बोलले का तुम्हाला?”

“नाही.”

“ते कसले बोलतात. जुनं आहे का कुठे ठेवलेलं?”

“नाही,” संपादकबाई म्हणाली. “त्याच्यावरच नवं ठेवलंय.” आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा त्याचा अर्थ तिला पहिल्यांदा ऐकू आला. बाबांनी तिला विचारलेला शब्द, घोडा, मांजर, तो खोकला. जगात कुठेही नव्हतं. चोराने नेलं असतं तर परत मिळण्याची आशा तरी राहिली असती. हे तिने प्रेमाने, वेळ देऊन, पान क्रमांक टाकून पुसलं होतं.

“खेचरवाल्याचं?” टेलिफोनबाईंनी विचारलं. विचारताना त्यांचा हात काठीवर घट्ट झाला.

“ते आहे. आज घेणार होते.”

“मग घेऊ नका. ऐका. बारावं प्रकरण, अगदी शेवटी. आणि ती पेन्सिल खाली ठेवा. तुमची पेन्सिल फार वाजते.”

तिने पेन्सिल खाली ठेवली. हेडफोन लावले आणि हात मांडीवर ठेवले. रिकाम्या हातांनी ऐकायचं कसं हे तिला ठाऊक नव्हतं. पहिली दहा मिनिटं हात आपोआप वहीकडे जात राहिले.

खेचरवाला मिठाची पोती लादून चढत होता. झरोक्यात कबूतर घुमलं. वडील दोनदा खोकले, पान उलटलं. खेचरवाला खिंडीच्या तोंडाशी आला, त्याने मागे वळून पाहिलं, प्रकरण संपलं. मग क्षणभर नुसती खोली ऐकू आली, ती जुनी, सतरंजीची खोली. आणि वडील म्हणाले:

“संपलं बारावं. आता इथून मी मुलीकडे जाईन, पुडी आणायला. ती म्हणेल, छान झालंय. गेली सहा वर्षं म्हणतेय. मंडळी, तिने एकही ऐकलेलं नाही. पुडी मी ज्या घडीत देतो त्याच घडीत परत येते. माझी घडी मी ओळखतो. आणि ऐकलं असतं तर ती छान म्हणालीच नसती. दहा चुका काढल्या असत्या. तिच्या हाताखालून काही सुटत नाही हो. मी त्या दहा चुकांची वाट बघतोय. बरं, पुढच्या गुरुवारी खिंड.”

मग बटण दाबल्याचा आवाज.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, वायर नीट गुंडाळली. त्या गुरुवारी दुपारी त्यांनी पुडी उलटीसुलटी करून पाहिली होती. मिशीत जे हललं ते हे होतं.

“हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय,” ती म्हणाली.

“सगळ्यांनी.”

“कधी?”

“ते गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हटलं ना तुम्हाला, पुष्कळ ऐकलंय.”

म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी हसलेल्यांना माहीत होतं. खुर्ची देणाऱ्या, हेडफोन देणाऱ्या, चहा देणाऱ्या ग्रंथपालांना माहीत होतं. आठ महिने ती या इमारतीत बाबांची गुणी मुलगी म्हणून वावरत होती, आणि इमारतीतला प्रत्येक माणूस तिला ‘पुस्तकं न ऐकलेली मुलगी’ म्हणून ओळखत होता. वर सगळ्यांनी तिला सांभाळून घेतलं होतं. हे रागावण्यापेक्षा वाईट होतं.

“तुम्हाला माझा राग नाही आला?”

“ऐकलं नाही त्याचा? छे. कोणाच्या मुली ऐकतात?” टेलिफोनबाईंनी हात उडवला. “पुसलंत, त्याचा आला. रात्रभर आला. म्हणून तर आले.”

तेवढ्यात ग्रंथपाल तीन कप घेऊन दारात आले, दोघींची तोंडं पाहून तिथेच थांबले.

“या हो आत,” टेलिफोनबाई म्हणाल्या. “तुमच्या पावलांचा आवाज येऊन गेला मघाच.”

संपादकबाईंनी वही उघडली. पानांमागून पानं, बारीक, सरळ, एकसारख्या अक्षरांत. “यात सगळं आहे,” ती म्हणाली. “शब्द न् शब्द. काढलेलं लिहून ठेवायची मला सवय आहे. पान, मिनिट, सगळं. पण माझ्या अक्षरात.”

“अक्षर मला काय करायचंय? वाचा.”

“इथे?”

“तुमच्या भावाने एवढी खोली बांधलीय ना? तिथे. वाचा आणि जिथून काढलंत तिथे परत घाला.”

“माझ्या आवाजात? ते विचित्र वाटेल.”

“वाटेल,” टेलिफोनबाई म्हणाल्या. “त्याला काय करणार?”

*

ते विचित्र वाटलंच. पुस्तकात वडील वाचत जात, मध्येच बाईचा एक शांत, शिकलेला आवाज येई: “घोडा आहे की विमान?” आणि वडील पुन्हा वाचू लागत, जसं काही झालंच नाही. पहिल्या दिवशी तिने ते वाक्य नऊ वेळा घेतलं. ग्रंथपाल काचेपलीकडून प्रत्येक वेळी ‘छान’ म्हणून मान डोलवत होते, त्यामुळे त्यांचा उपयोग नव्हता.

“तुम्ही निकाल वाचल्यासारखं वाचता,” टेलिफोनबाईंनी सांगितलं. “त्यांना घोड्याची दया यायची.”

दहावा प्रयत्न त्यांनी पास केला.

“खोकल्यांचं काय करायचं?” संपादकबाईंनी वहीत बघून विचारलं. “चारशे सहा आहेत.”

“खोकला राहू दे. तेवढं आम्ही समजून घेऊ. कबूतर मात्र हवं.”

कबुतराला दादाची खोली आड येत होती. भिंतीतून मुंगीचा आवाज आत येणार नाही अशी हमी बांधणाऱ्याने लेखी दिली होती. रविवारी दादाचा फोन आला तेव्हा तिने त्याला सांगून टाकलं.

“लोकांना कबूतर परत हवंय?” दादाने विचारलं.

“हो.”

“मग त्या खोलीचा उपयोग काय?”

“आम्ही दार उघडं ठेवतो.”

“पाटी तरी ठीक आहे ना?” त्याने विचारलं.

“उन्हाळ्यात गार लागते,” ती म्हणाली. “नवी करतोय. ठिपक्यांची.” मग तिने विचारलं, “दादा, तू ऐकलेलं पुस्तक कोणतं?”

“बेटाचं. का?”

“त्यात मांजर आठवतं?”

“आठवतं की. तोंड पूर्वेला.” दादा हसला, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून पुसला. “मी पण तेवढंच ऐकलं गं. मांजरापर्यंत. पुढे वेळच नाही झाला. बाबांना सांगितलं, सगळं ऐकलं म्हणून.”

त्यानंतर दोघं पाच-सात मिनिटं भलत्याच गोष्टींवर बोलत राहिली, हवेवर वगैरे. फोन ठेवल्यावर तिला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

खेचरवाल्याच्या पुस्तकाला तिने हात लावला नाही. बारा प्रकरणं होती तशी, खोकल्यांसकट राहिली. पण पुस्तक नऊ प्रकरणांनी अपुरं होतं. ते पुरं करायला दुसरा वाचक बघू, असं ग्रंथपाल म्हणाले. आणि या वेळी त्यांनी ते अशा रीतीने म्हटलं, की तिला नाही म्हणता यावं.

“मी वाचते,” ती म्हणाली.

गुरुवारी, कचेरीतून लवकर निघून, ती त्या खोलीत बसली. दार उघडं ठेवलं, झरोक्याची फळी काढली. काचेपलीकडे ग्रंथपाल, त्यांच्या शेजारी खुर्चीत काठी धरून टेलिफोनबाई. लाल दिवा लागला. तिने तेरावं प्रकरण उघडलं आणि वाचायला लागली. लेखकाचा शब्द न् शब्द, जसा छापलाय तसा.

‘पहाटे तो खिंडीतून निघाला आणि ऊन चढायच्या आत पलीकडच्या गावात पोचला,’ असं वाक्य आलं. तिने ते वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेली. मग थांबली.

बाराव्या प्रकरणात याच वाटेला दोन दिवस लागतात असं सांगितलं होतं. खेचर तेच होतं, मीठही तेवढंच. तिने मागे पान उलटून पाहिलं. अठ्ठावीस मैल.

लाल दिवा चालू होता. तिचं बोट सवयीने थांबायच्या बटणाकडे गेलं; थांबवायचं, मागे जायचं, ही शांतता काढून टाकायची. बोट बटणाच्या वर, अर्ध्या इंचावर राहिलं. झरोक्यात कबूतर आलं आणि पंख झाडून बसलं. काचेपलीकडे टेलिफोनबाईंनी मान किंचित तिरपी केली.

तिने बोट मागे घेतलं.

“मंडळी, हे काही खरं नाही,” ती म्हणाली. “अठ्ठावीस मैल, चढाची वाट, पाठीवर मीठ. आपण तिसऱ्या दिवशी पोचला असं धरू.” मग त्याच आवाजात, तो न चढवता, म्हणाली, “बाबा, मी एकही पुस्तक ऐकलं नव्हतं. तुम्ही विचारायचात आणि मी छान झालंय म्हणायचे. दिवसभर लोकांच्या चुका काढून घरी जायचे. तुमच्यातही सापडतील आणि मग तुम्हाला सांगाव्या लागतील, याची मला भीती वाटायची. म्हणून पुडी सोडलीच नाही. तुम्ही दहा म्हणाला होतात. दोन हजार तीनशे अकरा काढल्या. आता सगळ्या परत ठेवतेय, खोकला सोडून. आणि कपाट साडेचार इंचच सरकलं होतं, मी मोजलं. छान झालंय, बाबा. हे ऐकून सांगतेय.”